दोन थापा

त्या मार्गावरच्या कोणालाही विचारा, थापाबाई म्हटलं की लगेच सांगेल, हां, ती मागच्या दारातली! कंडक्टर होती ती. खरं नाव बिल्ल्यावर होतं, पण गर्दीत बिल्ला वाचतो कोण? हे नाव तिला चिकटलं ते गाडीच्या घंटीपायी, म्हणजे घंटी नसल्यापायी. दोरी तुटली, घंटी मुकी झाली, तिने डेपोत सांगितलं. डेपोतला माणूस म्हणाला, होईल. पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, वर कळवलंय. आता हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. तिथे गेलेली तक्रार परत खाली आल्याचं मात्र कोणी पाहिलेलं नाही. शेवटी बाईनेच तोड काढली. मागच्या दारात उभं राहायचं आणि बाहेरच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

पुढे बसलेला ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणत, तो त्या थापांवर गाडी हाकायचा. आरशात बघायचाही नाही. "तुझा हात आणि माझा पाय," म्हणायचा, "मध्ये कोणी लुडबुड करायची नाही." हळूहळू प्रवासीही शिकले. उतरायचं असेल तो आतून पत्र्यावर एक थाप मारायचा. पुढे तर वस्तीत कोणी बोलता बोलता घाईने निघाला, की त्याला थांबवायला लोक भिंतीवर नाहीतर टेबलावर थाप मारू लागले. टवाळखोर विचारायचे, "काय थापाबाई, आज किती थापा मारल्या?" ही ओरडायची, "उशीर का झाला म्हणून तू घरी गेल्यावर मारशील त्याच्या निम्म्याच!" अख्खी गाडी हसायची. जीभ तिखट होती बाईची. पण म्हाताऱ्यांना हात धरून चढवायची आणि पोरवाल्या बाईला जागा दिली नाही तर धडधाकट माणसाची चारचौघांत शोभा करायची.

ती त्याच वस्तीतली. तिची आई कारखान्यात पॅकिंगला होती, धाकटा भाऊ लेथवर होता. कारखाना बंद पडला. बंद पडला म्हणायचं आपलं, पाडला. जागा सोन्याची होती आणि सोन्यावर कामगार कोण ठेवतो? तिथे टॉवर उभे राहिले. निवडून आलेले भाऊ, ज्यांना वस्तीत सगळे फीतवाले भाऊ म्हणायचे, कारण फीत आणि कात्री दिसली की ते हजर, त्यांनी पायाभरणीला भाषण ठोकलं, 'पहिल्या नोकऱ्या वस्तीच्या पोरांना.' मिळाल्या ना नोकऱ्या! पहारेकऱ्याच्या मिळाल्या, त्याही चौघांना, आणि त्यांना काम काय, तर वस्तीच्या बाकीच्या पोरांना फाटकाशी उभं राहू द्यायचं नाही. जिथे बापाने, आईने हाडं झिजवली तिथल्याच भिंतीला टेकलं तर शिट्टी मारून हाकलायचं, तेही आपल्याच शेजाऱ्याच्या पोराने. यापेक्षा तोंडात मारलेली परवडते.

थापाबाईचा भाऊ मग मिळेल ते काम करू लागला. आज हमाली, उद्या रंगकाम, परवा काहीच नाही. रोज कोपऱ्यावर पोलीस थांबवायचा. कुठून आलास, कुठे चाललास, खिशात काय आहे, भिंतीकडे तोंड कर. एकदा त्याच्या खिशात मोजपट्टी सापडली, तर हे कशाला लागतं म्हणून कानफटात दिली. लेथवरचा माणूस तो, मोजपट्टी नाही तर काय फुलं ठेवणार? घरी आला आणि नुसता हात धूत बसला, बराच वेळ. बहिणीने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सांगणार कोणाला? चौकीत जाऊन पोलिसाची तक्रार पोलिसालाच सांगायची?

आणि मग थांबा काढला. वस्तीच्या तोंडाशी एक बसथांबा होता, टॉवरच्या फाटकासमोर. पहाटेपासून तिथे रांग लागायची, धुणीभांडीवाल्या, शिवणकारखान्यातल्या पोरी, इस्पितळातले सफाईवाले. टॉवरवाल्यांना ती रांग खिडकीतून दिसायची. त्यांना ते बरं वाटेना. मजा बघा, त्याच रांगेतल्या निम्म्या बायका त्यांच्याच घरची फरशी पुसायला जायच्या! फरशी चकचकीत हवी, पुसणारी मात्र दिसायला नको. एका सकाळी माणसं आली, खांब उपटला, खड्डा बुजवला, गेली. कोणी विचारलं तर म्हणाले, वरून आलंय. पुढचा थांबा पुलापलीकडे. म्हाताऱ्यांनी तो पूल चढायचा, पोटुशीने चढायचा, आणि कामावर उशीर झाला की अर्धा दिवस कापून घ्यायचा.

वस्तीने काय दगड उचलले लगेच? छे! निवेदनं दिली. शिष्टमंडळं नेली. फीतवाल्या भाऊंच्या दारात बाकावर बसले, चहा प्यायले, 'मी बघतो' ऐकलं आणि उठले. भाऊ वस्तीला सांगायचे, 'टॉवरवाले अडवतात हो, माझे हात बांधलेत.' आणि टॉवरच्या सभेत सांगायचे, 'तुमच्या सुरक्षेसाठी मी थांबा हलवला.' दोन्हीकडे टाळ्या. असली माणसं एका दगडात दोन पक्षी मारतात, आणि मग दगड हातात सापडतो दुसऱ्याच्या.

पुढाकार घेतला तो वस्तीतल्या शिंप्याने. अगदी गरीब माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने उरल्यासुरल्या कापडांचे तुकडे जोडून मोठा फलक शिवला, 'आमचा थांबा परत द्या.' अक्षरं कापून, टीप मारून, कडा दुमडून. "रंगाने लिहिलं तर पावसात जाईल," म्हणाला. ठरलं असं, की जुन्या थांब्याच्या जागी गाडी अडवायची, फलक धरायचा, वर्तमानपत्रवाले आले तर बरंच. दगड नाही, शिवी नाही. गाडीही निवडली ती थापाबाईची. आपल्या घरची गाडी म्हणून.

दुपारची वेळ होती. दादाने समोर माणसं बघून गाडी थांबवली. थापाबाई मागच्या दारातून उतरली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे, मलाच अडवता? दुसरी गाडी मिळाली नाही?" हशा पिकला. तिला सगळं ठाऊक होतं, ती मनातून त्यांच्याच बाजूची. लोक तिच्याशी बोलायला मागे आले, पुढचा रस्ता मोकळा झाला. शिंप्याचा फलक वाऱ्याने सुटून गाडीच्या नाकाखाली गेला होता. तो ओढायला शिंपी वाकला. उंचावर बसलेल्या दादाला समोर मोकळा रस्ता दिसला, वाकलेला माणूस दिसला नाही.

गाडी निघेल की काय असं कोणाला तरी वाटलं. त्याने पत्र्यावर थाप मारली. एकच. थांब. पलीकडून दुसऱ्यालाही तेच वाटलं. त्यानेही मारली. एकच. दोघांनी नियम पाळला हो! बाहेरगावचं कोणी असतं तर बोंबललं असतं, 'थांबवा, थांबवा,' आणि शिंपी वाचला असता. पण ही याच मार्गावरची माणसं. त्यांची एक आणि एक मिळून पुढे दादाच्या कानात दोन थापा गेल्या. वर्षानुवर्षांची सवय. दादाचा पाय उचलला गेला.

त्यानंतरचं थापाबाई कधीच नीट सांगू शकली नाही. गाडी थोडीशीच पुढे गेली होती. शिंप्याचा भाऊ त्याला मांडीवर घेऊन बसला होता, लोक रुग्णवाहिकेसाठी ओरडत होते. रुग्णवाहिका आली नाही, पोलिसांची गाडी आली. अगदी वेळेवर! टॉवरच्या फाटकाशी जमाव म्हटल्यावर वेळेवरच येणार. उतरल्या उतरल्या काठ्या चालवल्या. 'हटा, हटा' म्हणत एक काठी शिंप्याच्या भावाच्या हातावर बसली, आणि मांडीवरचं डोकं रस्त्यावर आपटलं. ते वस्तीने पाहिलं. म्हाताऱ्यांनी पाहिलं, पोरांनी पाहिलं, खिशातल्या मोजपट्टीसाठी मार खाल्लेल्यांनी पाहिलं.

मग पेटलं. गाडी पेटली, पोलीस चौकी पेटली, टॉवरच्या काचा फुटल्या. आणि रागाला कुठे पत्ता वाचता येतो? औषधाचं दुकान जळलं, ज्याचा मालक आजवर वस्तीला उधार देत आला होता. शिंप्याचं स्वतःचं दुकानसुद्धा जळलं, मशिनीसकट. थापाबाई रस्त्यात उभी राहून ओळखीच्या पोरांना नावं घेऊन हाका मारत होती, "अरे मुडद्यांनो, हे आपलं आहे! आपलं जाळताय!" कोणी ऐकलं नाही. तिला त्यांचा संताप आला, आणि त्यांना असं करून ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

पोलिसांनी अकरा जणांना उचललं. त्यात तिचा भाऊ. आरोप काय, तर त्यांनी गाडीवर दगडफेक केली, ड्रायव्हरने जीव वाचवायला गाडी पळवली, त्यात शिंपी गेला. म्हणजे शिंप्याला मारलं वस्तीने. आहे की नाही सोय? कोठडीच्या जाळीतून भाऊ तिला म्हणाला, "ताई, एक थाप माझी होती. मी थांब म्हटलं होतं गं." तेवढंच बोलला आणि तोंड फिरवून बसला.

चौकशी समिती नेमली गेली. थापाबाईची साक्ष होती त्याच्या आदल्या संध्याकाळी फीतवाले भाऊ स्वतः घरी आले. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. आईने चहा ठेवला. भाऊंनी कपाला तोंड लावलं नाही, पण बोलले मधासारखं.

"बाई, तुमच्या दादाची नोकरी वाचायला हवी की नको?"

"हवी."

"तुमचा भाऊ सुटायला हवा की नको?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग एवढंच सांगायचं, की आधी दगड आले. पहिला दगड आला, मग गाडी हलली. तुमच्या भावाचं नाव मी काढून घेतो. आईंना उद्या संध्याकाळी पोरगा घरात दिसेल. शब्द आहे माझा."

"आणि बाकीचे दहा?"

"त्यांचं कायदा बघेल."

थापाबाई म्हणाली, "म्हणजे थाप मारायची म्हणा की. जन्मभर पत्र्यावर मारल्या, आता तोंडाने मारू?"

भाऊ हसले. विनोद आवडला त्यांना! जाताना आईच्या पाया पडले मेले. दार लागताच आईने तिचे दोन्ही हात धरले. "सांग बाई, सांगून टाक. तुझं काय जातंय? दादा वाचतो, आपलं पोर वाचतं."

खरंच, तिचं काहीच जात नव्हतं. म्हणूनच तर तिला झोप येईना. त्या दहांमध्ये एक होता शेजारणीचा नवरा, जो मारामारीत नव्हता, नळावर होता. एक होता तो फाटकावरचा पहारेकरी, शिट्टीवाला. वस्तीतला म्हणून तोही उचललेला.

सकाळी समितीकडे जाण्याआधी ती दादाच्या घरी गेली. म्हणाली, "दादा, मी दगड सांगणार नाही. तू यात अडकशील. मागून वार नको म्हणून सांगायला आले." दादा खाटेच्या कडेवर बसला होता, दाढी वाढलेली. म्हणाला, "इतक्या वर्षांत तुझा हात मला ओळखू येऊ नये? परक्या थापेवर पाय उचलला मी." तिला रडू फुटलं. "दादा, घंटी असती तर..." तो म्हणाला, "तुला जे सांगायचं ते सांग." त्याच्या बायकोने मात्र ती बाहेर पडताच धाडकन दार लावलं. तिचंही काय चुकलं?

समितीचे साहेब सभ्य होते. आवाज चढवत नव्हते, पाणी हवं का विचारत होते. त्याचाच तिला जास्त राग आला.

"पहिला दगड कोणी मारला?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

"पाहिलं. म्हणूनच सांगते, कोणी नाही."

तिने थापांचं सगळं सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे चालकाची चूक."

"साहेब, घंटी बंद होती. मी कितीदा सांगितलं होतं."

"तो दुरुस्ती विभागाचा विषय."

"थांबा का काढला?"

"तो वाहतूक विभागाचा."

"आणि मरणाऱ्या माणसाला मांडीवर धरलेल्याच्या हातावर काठी मारली, तो कोणाचा?"

"त्याची स्वतंत्र चौकशी होईल. बाई, आपण फक्त त्या दुपारबद्दल बोलतोय."

"मीपण त्याच दुपारबद्दल बोलतेय!" ती उभी राहिली. "तुमची दुपार गाडी हलली तेव्हा सुरू झाली. आमची कारखाना पाडला तेव्हापासून चाललीये! माझ्या भावाला रोज भिंतीकडे तोंड करून उभं करायचात, तेव्हा शहर शांत होतं ना? बायका पोट घेऊन पूल चढत होत्या, तेव्हा शांत होतं ना? आग लागली की विचारता काडी कोणी लावली. रॉकेल इतकी वर्षं कोण ओतत होतं ते विचारा की एकदा!"

साहेब शांतपणे म्हणाले, "भावना समजतात. पुढचा साक्षीदार." झालं. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान खोक पडते, इथे तेही नाही. पुढचा साक्षीदार दादा होता. तिच्या शेजारून जाताना तो थांबला नाही. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "बाई खरं बोलल्या. दगड नव्हते. गाडी मी हलवली." त्याला तिथूनच नेलं.

तिचा भाऊ सुटला नाही. दगडफेकीचा आरोप गेला, जाळपोळीचा आला. माणसं तीच, कलम दुसरं. अहवालात लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा आणि बाहेरून आलेले समाजकंटक. बाहेरून! त्या अकरांपैकी एकानेही आयुष्यात शहराची वेस ओलांडली नव्हती. आणि सुरक्षेच्या कारणास्तव तो बसमार्गच बंद झाला. थांबा मागितला, गाडीच गेली.

घरी आईने बोलणं टाकलं. जेवण वाढायची, भांडी घासायची, शब्द नाही. एकदाच बोलली, तेही पाठ फिरवून. "तुझं खरं असेल. मला खरं नको होतं, पोरगं हवं होतं." थापाबाईने घास तसाच ठेवला. आईवर रागावणार तरी कशी? आईला असं निवडायला लावणाऱ्यांचे गळे धरावेत असं तिला वाटलं, पण ते गळे फार लांब होते, आणि त्यांत हार होते.

काही महिन्यांनी जळालेल्या चौकीच्या जागी नवी चौकी झाली, जुनीपेक्षा मोठी. वस्तीसाठी एवढी एकच गोष्ट बांधून झाली. फीत कापायला भाऊ आलेच. वस्तीतल्या लोकांना बोलावून आणून पुढे उभं केलं होतं, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. आईही होती, थापाबाईपासून चार हात अंतर ठेवून. भाऊंनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. म्हणाले, "मला अभिमान वाटतो. आज आपली वस्ती पुन्हा शांत आहे."

"शांत नाही ओ!" गर्दीतून आवाज आला. थापाबाईचा. "दमलोय! दमलोय आम्ही!"

माना वळल्या. भाऊ हसतच राहिले, हसू तोंडावर तसंच वाळलं. एक पोलीस काठी काखेत धरून गर्दीतून तिच्याकडे सरकू लागला. लोक त्याला वाट देत मागे झाले, सवयीने. तिच्याभोवती रिकामं झालं. ती जागची हलली नाही.

मग त्या रिकाम्या जागेत आई आली. महिनोन्‌महिने जिने लेकीकडे बघितलं नव्हतं ती म्हातारी पोलिसाच्या समोर येऊन उभी राहिली, त्याच्या छातीलासुद्धा लागत नव्हती.

"ऐकू आलं नाही का रे?" ती म्हणाली. "पोरगी काय म्हणतेय ते आधी ऐक. मग मला उचल. एक नेलाच आहेस, आता आम्हा दोघींनाही ने."

पोलिसाने मंचाकडे पाहिलं. मंचावरून कोणी काही सांगेना. मागे गेलेल्यांपैकी शेजारीण, जिचा नवरा नळावर होता, एक पाऊल पुढे आली आणि थापाबाईच्या बाजूला उभी राहिली.